कमलचा वारा कुठं अडला

दवाखान्यात घरचं माणूस भरती असलं का किस्से आपोआप जमतात. घरी हासायले कोणाले सवड हाय? माही धाकटी जाऊ कमल वाशीमले भरती होती. आतड्याले पीळ पडला, पोट उघडावं लागलं. तिचा नवरा केनवडले हळद शिजवून राह्यला होता, म्हणून खाटेपाशी मी अन् माहा नवरा.

\*

डॉक्टर आले का पह्यला सवाल, "वारा सरला का?"

कमल भिंतीकडं पाहे.

मले राहवलं नाही. "काहून हो साहेब, पादायची एवढी चौकशी?"

"मावशी, ऑपरेशननंतर आतडी झोपतात. वारा सरला म्हणजे जागी झाली."

"अन् नाही झाली तर?"

"तर कदाचित पुन्हा ऑपरेशन."



\*

सिस्टर विचारे, "दुखणं शून्य ते दहात किती?"

कमल म्हणे, "दोन." अन् मुठीत चादर आवळलेली!

म्या म्हणलं, "सिस्टर, हिचे दोन म्हणजे आठ धरा. बाळंतपणातबी दोनच म्हणे!"

इंजेक्शन दिलं, तवा कुठं बाई उठून व्हरांड्यात चालली. दुखणं सोसत पडून राह्यलं तर आतडी हलतीन कशी, सिस्टर म्हणे. पटलं मले.

\*

मंग डॉक्टरनं च्युइंगम चावायले सांगतलं. शेजारच्या खाटेवरची अनसिंगची आजी भडकली, "उपाशी बाईले रबर चावायले देता?"

डॉक्टर हासले. "तोंड चाललं की पोटाला वाटतं जेवण येतंय. ते कामाला लागतं."

पोटालेबी फसवता येते? म्याबी एक चावून पाह्यलं. असं गुडगुडलं का सिस्टर धावत आली अन् कमलच्या पोटाले आयकायची नळी लावली!

माहं पोट होतं ते.

\*

तरी वारा सरे ना. पोट फुगून राह्यलं. मंग माही नजर समोरच्या स्टुलावर गेली. माहा नवरा बसलेला. म्हणजे कमलचा भासरा, थोरला दीर! लग्न झाल्यापासून ती त्याच्यासमोर शिंकली नाही.

"कमल, खरं सांग. येते का?"

"येते बाई," ती कानात बोलली. "पण भासरे बसले हायत ना. दाबून धरला."

"अवं, जीव जाईन तुहा!" नवऱ्याले म्हणलं, "उठा, भाईर जा!"

"काहून? म्या काय केलं?"

"बसले, हेच केलं!"

गेला बिचारा. खिडकीखालच्या ओट्यावर टेकला. मी चहा आणायले गेली.

\*

परत आली तं डॉक्टर खाटेपाशी उभे. "कमलताई, वारा सरला का?"

कमलनं पदर नाकापर्यंत ओढला. हो नाही, का नाही नाही. डॉक्टरचा चेहरा पडला. "सिस्टर, उद्या ऑपरेशनची तयारी ठेवा."

तेवढ्यात खिडकीत माह्या नवऱ्याचं मुंडकं वर आलं.

"सरला साहेब, सरला! म्या सोता आयकला!"