रिबकाबाईंनी आसरा दिला, त्याबद्दल

रोह्याहून पेणच्या मुलींच्या शाळेत नवी शिक्षिका म्हणून मी रुजू झाले, तेव्हा भाड्याची खोली मिळेपर्यंत तिथल्याच जुन्या शिक्षिका रिबकाबाईंनी मला आपल्या घरी ठेवून घेतलं. बाई बेने इस्राएली, म्हणजे आपल्या कोकणातल्याच ज्यू. "शनिवार आमचा विसाव्याचा वार, चूल पेटत नाही. गार जेवण चालेल ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

त्यांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात त्यांच्या अध्यापनावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि ते योग्यच आहे. मला मात्र संपादक मंडळातल्या एका सद्गृहस्थांनी सुचवलं, "त्र्याण्णवचं तेवढं नको. शुभप्रसंगी कशाला?" मी तेवढंच लिहिणार आहे.

त्या जानेवारीत मुंबईत दंगल भडकली आणि इथेही टोळकी फिरू लागली. रामवाडीतले शिंपी इस्माईलभाई कापड आणायला मुंबईला गेले होते, ते तिथेच अडकले. मागे त्यांचं दुकान फोडलं गेलं. त्यांच्या पत्नी अमीनाबी दोन मुलींना घेऊन भरदुपारी बाईंच्या घरी धावत आल्या. बाईंनी तिघींना आतल्या खोलीत बसवलं आणि स्वतः ओटीवर येऊन उभ्या राहिल्या.

टोळकं आलंच. "बाई, त्या हायत का आत?"

"आहेत."

"मग बाजूला व्हा. तुमचं नि त्यांचं तर तिकडं इस्राएलात वैर हाय. तुम्हाला काय पडलंय?"

"तिकडचं मला सांगू नकोस. महायुद्धानंतर युरोपातून मुंबईत आलेल्या एका ज्यू बाईंना मी भेटले होते. एका पाववाल्यानं पिठाच्या कोठारात लपवलं, म्हणून त्या जगल्या. तो पाववाला ज्यू नव्हता. आधी मला मारा, मग आत जा."

शिव्या देत टोळकं परतलं. इस्माईलभाई येईपर्यंत तिघी तिथेच राहिल्या. मी त्या दुपारी तिथे नव्हते; हे सगळं मला अमीनाबींनी सांगितलं. बाई स्वतःहून त्यातलं कधी बोलल्या नाहीत.

आणि गावानं काय केलं? बाईंच्या कौलांवर दगड पडले. दूधवाल्याला त्यांच्याकडे दूध घालू दिलं नाही. शिकवणीच्या मुली यायच्या बंद झाल्या. सभ्य माणसं म्हणाली, "बाईंनी भानगडीत पडायला नको होतं." दोन पोरींचा जीव म्हणजे भानगड? दगड मारणाऱ्यांना कुणी हटकलं नाही. जाब विचारला तो एका वृद्ध शिक्षिकेला! आज तीच सभ्य माणसं शाल घेऊन पुढे येणार आहेत.

मी बाईंना विचारलं, "तुम्हाला राग नाही येत?"

"येतो तर! पण अमीनाच्या पोरी पुन्हा शाळेत जातायत गो. त्यांची गणितं राहिलीत, ती आधी बघू दे."

बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, दुखऱ्या गुडघ्यांना आराम पडो. आणि पुन्हा कधी तशी वेळ आलीच, तर त्यांना ओटीवर एकटीनं उभं राहावं लागू नये. शाल देणाऱ्यांकडे माझं एवढंच मागणं आहे.