गल्लीचा एकच नंबर

आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांचं सरकारी काम माझ्या मोबाईलवरून चालायचं. ही फुशारकी नाही. म्हणजे होती, तेव्हा भरपूर होती, आता नाही.

झालं असं की देऊळघाटात लोक चपला बदलाव्यात तशी सिमकार्डं बदलतात. मोताळ्याच्या बाजारात कुणी छत्री लावून फुकट सिम वाटायला बसला की जुनं काढून फेकायचं, नवं घालायचं. आधारला मात्र तो जुना, मेलेला नंबरच जोडलेला. मग उत्पन्नाचा दाखला असो, पिकाची नोंद असो की लेकराच्या शिष्यवृत्तीचा फॉर्म, सगळं ओटीपीपाशी येऊन अडायचं. बुलढाण्यातला आधार केंद्रावरचा माणूस वैतागून म्हणायचा, "बंद पडणार नाही असा एक नंबर द्या बाप्पा." माझा नंबर अकरा वर्षं तोच होता, कारण मलकापूरला माहेरी तेवढाच पाठ आहे. लोकांनी तो द्यायला सुरुवात केली. आधी जावेनं दिला, मग शेजारणीनं, मग मला न विचारताही कुणी कुणी देऊन टाकला.

मी वांग्याच्या वाफ्यात निंदत असले की फोन वाजायचा. "काकू, ओटीपी आला का?" मातीचा हात लुगड्याला पुसायचा, चष्मा नाकावर चढवायचा आणि सहा आकडे मोठ्यानं वाचायचे. पलीकडून "झालं, झालं" असं ऐकू आलं की पुन्हा खुरपं. गल्लीनं माझं नाव टावर ठेवलं. "टावर घरी हाय का?" म्हणून पोरं दारात ओरडायची आणि मी वरवर चिडायची. खरं सांगते, मला आवडायचं. दहावीवर शाळा सुटलेल्या बाईला एवढा मान कोण देतो?

आमच्या भिंतीला भिंत लावून एक म्हातारी राहते. माझ्या सासूच्या वयाची, म्हणून मी तिला आत्याबाई म्हणते. पोटी लेकरू नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. समोरच तिच्या दिराचं घर. दिराच्या पोरानं आणि सुनेनं किती वेळा म्हटलं, मोठीआई, आमच्यातच जेवत जा. ती गेली नाही. दोन खोल्या, एक चूल आणि स्वतःच्या नावाचं पिवळं राशन कार्ड, एवढा तिचा संसार. दर महिन्याला ती पिशवी घेऊन राशन दुकानात जायची, मशीनवर अंगठा लावायची आणि तांदूळ-गहू डोक्यावर घेऊन ऐटीत परत यायची. कुणी पिशवी धरू का म्हटलं तर म्हणायची, "माह्या कार्डाचं हाय, मीच नेतो." गावात बायकाही कधीकधी असं पुरुषासारखं बोलतात, आणि आत्याबाई तर हमखास. ते कार्ड तिनं प्लास्टिकच्या पिशवीत, त्या पिशवीला फडकं गुंडाळून, देवाच्या फोटोमागं ठेवलेलं होतं. घरी आलेल्याला ती ते काढून दाखवायची. वाचता येत नव्हतं, पण कुठल्या ओळीत तिचं नाव आहे ते बोट ठेवून सांगायची.

तिच्याही आधारला माझाच नंबर होता.

मागच्या वर्षी, मेथी काढणीला आली होती तेव्हाची गोष्ट. आत्याबाईच्या पुतण्याचा, त्या समोरच्या दिराच्या पोराचा, फोन आला. हा पोरगा म्हणजे परका नव्हे. आता त्याला दोन लेकरं आहेत, पण लहानपणी याच्या आईला टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर माझ्या घरी जेवलेला आहे. "काकू, मोठीआईचा ओटीपी आला असन, पाय बरं जरा." मी पाहिलं, सांगितला. दहा मिनिटांनी दुसरा. तोही सांगितला. "काय काम चालू हाय रे?" असं मी विचारलं, नाही असं नाही. "राशनची केवायसी करून राह्यलो, सगळ्याईले करा लागते," तो म्हणाला. बरोबरच होतं, दुकानात तशी पाटीही लागली होती. मी मेथीच्या जुड्या बांधायला बसले.

दोन महिन्यांनी आत्याबाई रिकामी पिशवी घेऊन परत आली. अंगठा लावला, मशीननं कार्ड नाही म्हणून दाखवलं. दुकानदारानं पुन्हा पुन्हा पाहून सांगितलं की तुमचं कार्ड बंद झालं, नाव आता पुतण्याच्या कार्डात आहे, तुमच्या वाटचं धान्य तो नेऊन राह्यला.

मला वाटलं काहीतरी घोटाळा असेल. कम्प्युटरची चूक असेल. मी तशीच समोरच्या घरी गेले. पुतण्या खाटेवर बसून मोबाईल पाहत होता. लपवायचं त्याच्या मनातही नव्हतं, हेच मला जास्त लागलं.

"मंग काय झालं काकू? मी काय चोरी केली का? आमच्याच घरातली म्हातारी. कार्ड एक झालं तं बिघडलं काय? जेवाले आमच्याकडंच येईन आता, कितीक दिवस वेगळी चूल करन?"

"तिले विचारलं का तू?"

"तिले काय समजते त्यातलं. आन् तुमाले तं माहीतच होतं ना. नंबर तुमीच तं देला."

मागं वळून पाहिलं तर दारात आत्याबाई उभी. तिनं शेवटचं वाक्य ऐकलं होतं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी ओरडणाऱ्या माणसांना पुरून उरते. तिनं हळूच विचारलं, "काऊन वं? तुले तं वाचता येते."

घरी येऊन मी ते दोन मेसेज शोधले. माझ्या फोनमधून मी काही काढून टाकत नाही, त्यामुळं ते होते. इंग्रजीत होते. मला इंग्रजी अक्षरं जुळवत वाचता येतात, वेळ लागतो एवढंच. आकडे मात्र पटकन दिसतात. इतकी वर्षं मी आकडेच वाचत आले होते. त्या संध्याकाळी ओट्यावर बसून एकेक अक्षर जुळवलं. पहिल्यात लॉगिनचं काहीतरी होतं. दुसऱ्यात सरळ लिहिलं होतं की हा ओटीपी राशन कार्ड बंद करण्याच्या अर्जासाठी आहे. आणि खाली, हा कोणालाही सांगू नका. मी तो फोनवर ओरडून सांगितला होता, पलीकडच्या वाफ्यातल्या मजुरांनाही ऐकू जाईल असा.

त्या पोरानं मला फसवलं. हे मी आजही तसंच म्हणते, त्यात दुसरं काही पाहायचं नाही. त्यानं माझ्या हातचं खाल्लं आणि माझ्याच तोंडून म्हातारीची चूल विझवली. अंगाची लाहीलाही झाली माझी. पण रात्री मी तो दुसरा मेसेज पुन्हा काढून वाचला, तो त्याच्यासाठी नव्हे. मला वाचता येतं, हे आत्याबाईचं म्हणणं खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडं गेले, म्हटलं आत्याबाई, तालुक्याला जाऊ, अर्ज करू. ती म्हणाली, "तूनंच केलं, तूच निस्तर." एवढंच. मग आम्ही बुलढाण्याला तीन खेपा केल्या. बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली नाही, जागा असूनही. मी आणलेला चहा तिनं घेतला नाही. ऑफिसातली बाई भली होती. तिनं अर्ज लिहून घेतला आणि सांगितलं, आधी आधारला स्वतःचा नंबर जोडा, नाहीतर उद्या पुन्हा हेच होईल. आत्याबाई मान हलवून ऐकत होती.

दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेच्या मधल्या आठवड्यात एक गोष्ट मला फार टोचली. रोज संध्याकाळी ती भाकरी थापायला बसली की भिंतीपलीकडून तिचं पुटपुटणं ऐकू यायचं. थापेबरोबर एकेक शब्द. नीट कळत नव्हतं, पण सूर ठासून होता. मला खात्री होती की ती मला शिव्या घालते. घालू दे, म्हणायची मी, आणि चुलीत लाकूड जरा जोरातच सारायची. नवरा म्हणाला, देवाचं नाव घेत असेल. मी म्हटलं, देवाचं नाव इतक्या रागानं कुणी घेत नाही.

तिसऱ्या खेपेला आम्ही आधार केंद्रावर गेलो. तिनं मशीनवर बोटं ठेवली. झिजलेली बोटं, चौथ्या वेळी उमटली. समोरच्या माणसानं न बघताच विचारलं, "मोबाईल नंबर बोला."

इतक्या वर्षांची सवय. माझ्या तोंडून माझा नंबर सुरू झाला.

आत्याबाईनं हात वर करून मला थांबवलं. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला एक लहानसा बटणाचा फोन काढून टेबलावर ठेवला, तो तिनं कधी आणि कुणाकडून घेतला याचा मला पत्ताच नव्हता, आणि ताठ बसून बोलायला लागली. एकेक आकडा, मध्ये जरासं थांबून, हाताची हलकी थाप मांडीवर देत. तोच सूर. तोच राग. भिंतीपलीकडून आठ दिवस मी जे ऐकत होते, ते हेच होतं.

जिला एक अक्षर वाचता येत नाही, तिनं दहा आकडे पाठ केले होते, पुन्हा कधी माझ्या तोंडाची गरज पडू नये म्हणून. एकही आकडा चुकला नाही.