सण, सेत्सुना आणि मावशी

ऑगस्ट २००३, शनिवार, अमेरिकेतलं स्टेट कॉलेज गाव. हजर: मी, मंजिरी आणि मावशी. मावशी अपार्टमेंटवर उतरली ती एक बॅग कपड्यांची आणि दोन पुस्तकांच्या घेऊन. नागपूरच्या कॉलेजातून रजा काढून, नवरा आणि दहा वर्षांची मुलगी मागे ठेवून ती अडतिसाव्या वर्षी पीएच.डी.ला आली होती. आम्ही पंचविशीच्या, म्हणून ती मावशी.

"एक क्षण थांब गं," म्हटलं की ती चुटकी वाजवायची. "कुठला? जुने बौद्ध ग्रंथकार एका चुटकीत पासष्ट मोजतात."

तो तिचा विषयच होता. आपला क्षण भिक्षूंबरोबर चीनमध्ये गेला आणि ‘छाना’ झाला. तीच दोन अक्षरं जपानने घेतली आणि ‘सेत्सुना’ म्हटलं.

"पण यार, त्यातला क कुठे गेला?" मंजिरीने एकदा पोळ्या लाटताना विचारलं.

"निघण्याआधीच गळला. प्राकृत बोलणाऱ्यांच्या तोंडी क्षणाचा छण झाला होता. त्याच छणाचा आपल्याकडे सण झाला. म्हणजे सण आणि सेत्सुना मावसबहिणी!"

स्वतः मात्र तिने एकही सण घरी केला नाही. पदवी घेऊनच परत जायचं, हे ठरलेलं. मुलगी फोनवर विचारायची, "या दिवाळीला येशील?" मावशी म्हणायची, "पुढच्या."

उशीर व्हायचा तो तिच्या नियमामुळे. मूळ पान स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती कुठलीही नोंद पक्की करत नसे. पुस्तकं दूरच्या ग्रंथालयांतून यायची, आठवडे जायचे. तिच्या चिठ्ठ्या मीच क्रमवार टाइप करून देत असे, आणि माझा जीव कासावीस व्हायचा.

"मावशी, बहुतेक सगळं झालंय. सरांना दाखव ना."

"बहुतेक शिजलेला भात तू पानात वाढतेस का गं?"

तिसऱ्या वर्षी ती एक हस्तलिखित पाहायला आठवडाभर बाहेरगावी गेली. मी सगळ्याचं प्रिंट काढलं, वर तिचं नाव घातलं आणि तिच्या मार्गदर्शक सरांच्या टपालाच्या कप्प्यात ठेवून आले. तिच्या भल्यासाठी. तिला न विचारता.

पुढच्या वर्षी सरांचा लेख छापून आला. त्यात छण होता, सण होता, तिने शोधलेलं प्रत्येक पान होतं. मावशीचं नाव आभाराच्या तळटीपेत, सरांच्या टंकलेखिकेच्या शेजारी. वर सरांनी तिला नवा विषय शोधायला सांगितलं.

"माझ्याच हातून दुसऱ्या कागदांबरोबर गेलं असणार," ती म्हणाली. "वेंधळी मी." दोन दिवस ती तेच म्हणत राहिली. मी समोर बसून ऐकत राहिले.

ती पदवीशिवाय परत गेली. बॅगा मीच भरल्या, लेबलं लावली, प्रत्येकीचं वजन विमानाच्या मर्यादेत, बरोबर पन्नास पौंडांत बसवलं. बसथांब्यावर तिने माझ्या गालावरून हात फिरवला. "तू होतीस म्हणून निभावलं गं."

नागपूरचा नंबर माझ्याकडे आहे. दर दिवाळीला मी फोन करते, मुलीची चौकशी करते, फराळाचं विचारते. ते कागद मी नेऊन ठेवले होते, हे सांगायचं अजून राहिलं आहे.