पहिल्या ओळीतलं चिन्ह

हे लिहिणं मी वर्षानुवर्षं टाळलं. निवृत्तीच्या समारंभात सहकाऱ्यांच्या आठवणी सांगताना त्याच्यावर दोन विनोदी वाक्यं बोललो आणि पुढे सरकलो. आता मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे आणि तो या जगात नाही. जे झालं ते जसंच्या तसं सांगतो.

आमच्या कॉलेजच्या भौतिकशास्त्र विभागात तो प्रयोगशाळा सहायक होता. मुलं त्याला ‘वापसीवाले’ म्हणत. प्रकाशाच्या जवळपास वेगानं गेलं तर भविष्यात पोचता येतं ना, असं एखाद्यानं विचारलं की हा हातातलं भिंग पुसत म्हणायचा, “जाशीन गा, जाशीन. जायले कोणाची मनाई आहे? वापस कसा येशीन, ते सांग.” मग फळ्यावर दोन तोंडांचं बीळ काढायचा. अवकाशात असं बीळ असलं आणि त्याचं एक तोंड प्रचंड वेगानं फिरवून आणलं, तर त्या तोंडाशी काळ मागे पडतो. मग एकीकडून शिरलेला माणूस दुसरीकडून कालच्या दिवसात बाहेर पडेल. “पण बीळ उघडं ठेवाले टेकू पाहिजे, अन् तसा टेकू दुनियेत कोणाजवळ नाही,” असं म्हणून तो फळा पुसायचा. ज्यासाठी तास होता तो प्रयोग तसाच राहायचा.

खाप्याहून तो रोज बसनं अप-डाउन करायचा. उशीर झाला की मी चिडायचो. एकदा म्हणाला, “सर, मी चालत्या गाडीत असतो अन् तुम्ही खुर्चीत. म्हणून मी तुमच्यापेक्षा हळू म्हातारा होऊन राहिलो.”

“किती हळू?” मी विचारलं.

त्यानं खिशातून चिठ्ठी काढली. “तीस वर्षं अप-डाउन केलं, तर सेकंदाचा कोटीवा हिस्सा.”

सगळे हसले. मी घरी जाऊन ते गणित तपासलं. बरोबर होतं. त्या दिवसापासून तो मला खुपू लागला. वयानं आम्ही बरोबरीचे. तो मला ‘सर’ म्हणायचा, मी त्याला ‘अरे’. विभागप्रमुख मी होतो आणि पीएचडीनंतर पानभरही नवं गणित मी केलं नव्हतं.

तो मात्र अकरा वर्षं त्या टेकूचं गणित करत होता. एमएससी त्यानं नोकरी सांभाळून बाहेरून केलेली. सापेक्षतेवरचं एकच जुनं, कव्हर निघालेलं पुस्तक त्याच्याजवळ होतं. जे शिकला ते त्यातूनच. शेवटी त्यानं पीएचडीसाठी अर्ज केला. विद्यापीठाची तिघांची समिती आली, त्यांतल्या एकाचाही हा विषय नव्हता. कडक इस्त्रीचा शर्ट घालून तो समितीसमोर आणि विभागातल्या आम्हा सगळ्यांसमोर फळ्यापाशी उभा राहिला.

“घाबरला का रे?” मी विचारलं.

“घाबरतो काहून? तुम्ही बसले ना समोर.”

पहिली ओळ होती अवकाश-काळातलं अंतर मोजण्याची. काळाच्या पदाला त्यानं अधिक चिन्ह दिलं, जागेच्या तीन पदांना वजा. मी शिकलो त्या पुस्तकात याच्या उलट होतं. तासाभरानं तो थांबला. समितीचे अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमचं काय मत?”

मी उठलो आणि म्हणालो, “पहिल्याच ओळीत चिन्ह उलटं आहे. खालचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.”

खरं तर दोन्ही रीती चालतात. एक धरली की शेवटपर्यंत तीच ठेवायची, एवढाच नियम. आणि त्यानं ती शेवटपर्यंत ठेवली होती. मला हे खुर्चीत परत बसता बसताच आठवलं. तेव्हाही बोलता आलं असतं. अध्यक्ष कागद मिटत होते. मागून कुणीतरी म्हणालं, “वापसीवाल्यांची गाडी स्टँडवरच पंक्चर!” लोक हसले. मीही हसलो.

“पण सर, पुस्तकात तर...”

“जुनं पुस्तक आहे रे ते.”

“असंन सर,” तो म्हणाला. फळा त्यानंच पुसला.

अर्ज नामंजूर झाला. पुस्तक त्यानं ग्रंथालयाला देऊन टाकलं. अकरा वर्षांचे कागद प्रयोगशाळेत आणून ठेवले आणि मुलांना मागच्या कोऱ्या बाजूवर कच्ची टिपणं करायला दिले. मुलांनी बिळाचं विचारलं तर म्हणायचा, “मले काय विचारता? मोठ्या सरांले विचारा.” मला कुणी कधी विचारलं नाही. त्या गणितातून पुढे काय निघालं असतं, कोण जाणे. कदाचित काहीच नाही. पण ते शोधायचा हक्क त्याचा होता. त्यानंतर सतरा वर्षं आम्ही एकाच विभागात काढली. तो रोज नमस्कार करायचा आणि मी रोज तो घ्यायचो.

गेल्या उन्हाळ्यात मी खाप्याला गेलो. त्याची फुफ्फुसं निकामी होत आली होती. खाटेवर तो उठून बसायची धडपड करू लागला.

“सर, इतक्या उन्हात? अवं, पंखा इकडं कर वं,” त्यानं बायकोला हाक मारली. मग दम घेत म्हणाला, “त्या दिवशी तुम्ही टोकलं म्हणून वाचलो. नाही तर ते चुकीचं गणित घेऊन दुनियाभर हसू करून घेतलं असतं. तुमचे उपकार आहेत.”

त्याच्या बायकोनं चहाचा कप माझ्या हातात दिला. “यांले मी कितीदा म्हटलं, सरांले एकदा घरी बोलवा,” ती म्हणाली. साखर बरोबर आहे का, तिनं विचारलं. बरोबर आहे, मी म्हणालो. कप खाली ठेवला, तब्येत सांभाळ म्हणालो आणि उठलो. पावसाळ्यात तो गेला.

त्या उन्हाळ्यात खाप्याला जाताना बसमध्ये मी जे घोकत होतो, ते एवढंच होतं: तुझं चिन्ह बरोबर होतं. चूक माझी होती आणि ती मला त्याच दिवशी, त्याच खोलीत कळली होती. मला माफ कर.