पाठीमागे धरलेली वॉटरबॅग

मैत्रिणीच्या पुण्यानुमोदनाला धर्माबादला गेले, तेव्हा आमच्या कॉलेजचे खेळाचे सरही आले होते. ऐंशी ओलांडलेले, काठी टेकत. तिच्या फोटोपुढे मेणबत्ती लावून ते बोलायला उभे राहिले. "पोरगी गुणी होती. विद्यापीठाच्या संघातली जागा थोडक्यात हुकली," असं म्हणाले आणि मध्येच थांबून समोरच्या ग्लासातलं पाणी प्यायले. तेवढ्यासाठी मी हे लिहायला बसले आहे.

आम्ही दोघी नांदेडला एकाच वर्गात, एकाच वसतिगृहात होतो. ती मुदखेडची, वडील रेल्वेत गँगमन. ती तीन हजार मीटर धावायची. मी राखीव, म्हणजे तिची चप्पल आणि वॉटरबॅग सांभाळणारी. वडिलांनी तिला सांगून ठेवलं होतं, संघात निवड झाली तर पुढं शीक, न्हाई तर उन्हाळ्यात लग्न.

सरांचा नियम होता: धावायच्या दिवशी सकाळपासून पाणी नाही. तोंडात गुळाचा खडा धरायचा. "पाणी पिलं की दम तुटतो." आम्ही मान हलवायचो. दुष्काळ होता, वसतिगृहात माणशी एक बादली मिळायची. पाण्यावाचून राहणं आम्हाला गुणच वाटायचा.

स्पर्धा लातूरला होती. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून ताजा होता. आमची शर्यत सकाळी आठची. पाहुणे आले साडेबाराला. तोवर आम्ही संचलनाच्या रांगेत उन्हात उभ्या. मंडपात धूळ येऊ नये म्हणून टँकरने मैदानावर दोनदा पाणी मारलं. कुंपणापलीकडे बायका घागरी घेऊन त्या टँकरकडे बघत होत्या.

"मैदानाचा दम न्हाई तुटत का गं?" ती म्हणाली. मी हसले. त्या हसण्याचा मला आज राग येतो.

साडेसात फेऱ्या होत्या. पाचवीपर्यंत ती सगळ्यांच्या पुढे होती. सहाव्या फेरीत माझ्या वळणावर आली, तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"पाणी दे गं. नुसती गुळणी करते."

तिने हात पुढे केला. सर दहा पावलांवर उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बोट हलवून नाही म्हटलं. मी वॉटरबॅग पाठीमागे धरली.

तिच्या आजीने विहिरीपासून लांब बसून, वरून ओतलेलं पाणी ओंजळीत झेललं होतं. हे मला तिनेच सांगितलं होतं. सर सगळ्यांनाच नाही म्हणायचे, हे खरं. पण त्या विहिरी आमच्यासारख्यांच्या होत्या, आणि वॉटरबॅग माझ्या हातात होती.

शेवटच्या वळणानंतर ती पडली. उठली, पुन्हा पडली. एक मुलगी पुढे गेली, मग दुसरी, मग तिसरी. निवड पहिल्या दोघींचीच होणार होती. तिला उचलताना पाहिलं, तिच्या गुडघ्यांना चिखल लागला होता. त्या साली, त्या गावात, चिखल.

"मन कच्चं पडलं पोरीचं," सर म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी कॉलेजच्या ग्रंथालयातून शरीरशास्त्राचं पुस्तक काढलं. पाण्याने दम तुटत नाही, हे त्यात सरळ लिहिलं होतं. पुस्तक जुनं होतं, पण त्याच्या मागच्या कार्डावर माझ्याआधी एकही नाव नव्हतं. सरांची खोली ग्रंथालयाला लागूनच होती.

शर्यतीच्या संध्याकाळी लातूरहून परतताना एसटीत तिने वॉटरबॅग मागून घेतली होती. सगळं पाणी संपवलं आणि झाकण लावत म्हणाली, "आता चालतंय न्हवं तुझ्या सरांना?"

उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. नंतर मी कितीदा तरी धर्माबादला गेले. लातूरचा विषय तिने कधी काढला नाही. मी उंबऱ्यात पाय ठेवला की तांब्या पुढे करायची. "आधी पाणी घे." मी पिईपर्यंत समोर उभी राहायची.

परवा सर निघाले, तेव्हा तिच्या सुनेने त्यांना आणखी एक ग्लास आणून दिला. ते प्यायले. मी जवळ जाऊन म्हटलं, "सर, तिनं त्या दिवशी पाणी मागितलं होतं."

सरांनी तोंड पुसलं. माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"कधी गं?" ते म्हणाले.