तापाने मेलेले राजे

इतिहास माणसांना जोडतो, असं मी गळ्यात हार असताना अनेकदा सांगितलं आहे. कसा जोडतो, ते मात्र आजवर कुणालाच सांगितलं नाही — घरातही नाही. आता लपवायचाही कंटाळा आला आहे.

सत्तावन्नच्या सुमारास अकोल्यात मी प्रौढांच्या वर्गाला इतिहास शिकवत असे. दिवसभर राबलेली माणसं संध्याकाळी येत. कापसाच्या जिनात मजुरी करणारी गयाबाई, नुकतीच बौद्ध झालेली, टांगेवाले रहमानमिया, भाजी विकणारे दोघे माळी, रिद्धपूरकडचे एक महानुभाव पंथाचे गृहस्थ. यांतलं कोण कशाने दुखावेल — तुम्हीच सांगा, कसं कळावं? मला भांडणाची भीती वाटे. लढाई आली की मी पान उलटायचो. माझ्या वर्गात कुणी कुणाला मारलंच नाही. राजे विहिरी खोदत, झाडं लावत आणि शेवटी तापाने मरत. भेटीत मिठी मारायला आलेला तो विजापूरचा सरदारसुद्धा — तापानेच. वर्ग शांत असे. मी त्याला सलोखा म्हणत असे.

गयाबाईला दवाखान्यात आयाची जागा मिळणार होती — परीक्षा पास झाली तर. तोंडी परीक्षा घ्यायला शिक्षण खात्याचे साहेब आले. मी शेजारच्या खुर्चीत. त्यांनी नेमकं त्याच सरदाराचं विचारलं.

"त्याले ताप आला," गयाबाई ठामपणे म्हणाली. "मंग मेला."

साहेब खो खो हसले. "कुणी शिकवलं हे?"

"या गुरुजीनंच."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. एक 'हो' पुरला असता — तेवढा निघाला नाही. मी म्हणालो, "यांना सांगावं एक, कळतं एक." यांना म्हणजे कुणाला, हे साहेबांना कळलं. तिलाही कळलं.

"असंन, गुरुजी," ती पदर सावरत उठली. "मीच आयकाले चुकली असंन."

मग पाणी पिण्याच्या निमित्ताने मी बाहेर गेलो आणि खोळंबलेल्या बाकीच्यांना खरं उत्तर सांगितलं — हळूच, चोरासारखं. रहमानमियांनी बिडी विझवली.

"वाघनखं ना? हे तं आमाले लहानपनापासून मालूम हाय, गुरुजी. गयाबाईलेबी मालूम हाय. पन तुमी ताप सांगतला ना."

गयाबाई सोडून सगळे पास झाले.