सहा घरांतले नाटक

लोहाऱ्याहून शिवमूर्तीअप्पांचे पत्र आले तेव्हा मी सोलापुरात एका विद्यार्थ्याला भूप शिकवत होतो आणि तो भूपाचा छळ करत होता. पत्र वाचले आणि शिकवणी तिथेच आटोपली. अप्पा कापडाचे व्यापारी. त्यांनी लिहिले होते, 'दुकानाचा माळा झाडताना वडिलांची संदूक सापडली. तीत आमच्या गावच्या "केतकीहरण" या संगीत नाटकातले राजाचे बोलणे आहे. राजा कोणाशी बोलतो ते मात्र त्यात नाही. तीस वर्षांत खेळ झालेला नाही. आपण बाजाची पेटी घेऊन यावे आणि खेळ उभा करून द्यावा.'

मी हार्मोनियम शिकवतो. स्वभावाने तापट आहे आणि थोडा लोभीही, हे आधीच सांगून टाकतो. कोणी न ऐकलेले अख्खे नाटक वहीत उतरवायचे आणि सोलापुरात आपल्या नावाने बसवायचे, असे मनात मांडे खात मी दुसऱ्याच दिवशी मोटारीत चढलो.

हद्दीवर करोडगिरीचा नाका (निजामाच्या राज्याची जकात) लागला. तिथे प्रत्येक गाठोडे उघडून बघतात. शिपायाने माझ्या पेटीवर बोट ठेवले, "इसमें क्या है?" मी म्हणालो, "सूर." हा विनोद मला फार आवडला, त्याला मुळीच नाही. पेटी उघडून वाजवायला लावली. मी चिडून एक दादरा सुरू केला, तर आतून त्याचा साहेबच बाहेर येऊन मान डोलवू लागला. "और एक," साहेब म्हणाले. असे तीन दादरे झाले. मोटारीतली मंडळी आधी करवादली, मग खाली उतरून शेताच्या धुऱ्यावर बसली, आणि ड्रायव्हरने तर पानच लावायला घेतले. निजामाच्या मुलखातला माझा पहिला जलसा असा भर उन्हात पार पडला.

पुढे काळी रानेच राने. जोंधळा कमरेच्या वर आलेला, कुठे कुठे करडईची पिवळी फुले. फाट्यावर अप्पांचा छकडा उभा होता. गाडीवान म्हातारा होता. मी नाटकाचे नाव काढताच त्याने बैलच थांबवले.

"केतकीचा खेळ? म्या पाह्यलाय की! राक्षस लई झ्याक हुता बगा. त्याला बगून माझी म्हातारी तापानं पडली हुती."

"आणि गोष्ट काय होती?"

"गोष्ट कुनाच्या ध्येनात ऱ्हाती? राक्षस ध्येनात हाय," असे म्हणून त्याने बैल हाकले.

शिवमूर्तीअप्पा म्हणजे भरदार गृहस्थ. कपाळाला विभूती, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. बायकोशी कानडीत बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठीत आणि कचेरीतल्या माणसांशी उर्दूत. आवाज तिन्ही भाषांत सारखाच मोठा. जेवायला कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, येसराची आमटी (भाजलेल्या धान्याच्या मसाल्याची) आणि वर हुग्गी (गव्हाची खीर). त्यांच्या पत्नी गौरम्मा वाढायला होत्या. "घ्या मास्तर, सोलापुरात खायाला घालतेत का न्हाय?" असे म्हणत त्यांनी माझी वाटी तीनदा भरली. मी तीनदा नको म्हटले आणि तीनदा संपवली.

जेवण झाल्यावर मी वही काढली. "अप्पा, आता पूर्ण नाटक दाखवा."

"पूर्ण नाटक कुटंच न्हाय, मास्तर." अप्पांनी सुपारी कातरत सांगितले. "ज्यानं रचलं त्यानं सहा घरांत वाटून दिलं. सूत्रधार, राजा, परधान, राक्षस, इदूषक आन केतकी. येका घरात येक नक्कल. शेजारच्या गावानं चोरू न्हाय म्हनून अख्खं कुटं लिव्हलंच न्हाय. बापामागं ल्योक गानार. दुसऱ्या घरात नक्कल जात न्हाय."

नक्कल म्हणजे एका पात्रापुरते उतरवून घेतलेले बोलणे. चोराच्या भीतीने या गावाने तिजोरीची किल्ली मोडून सहा घरांत वाटली होती आणि पुढे प्लेगात गाव पांगले, खेळ बंद पडला आणि तुकडे ज्याच्या त्याच्या घरी राहिले.

मला वाटले, चार दिवसांत उतरवून घेऊ. पहिल्याच घरी फजिती झाली. राक्षसाची नक्कल कुंभारवाड्यात तुकाराम कुंभाराकडे. माणूस गरीब गाईसारखा, पण कागद हातात येताच असा गरजला की उतरंडीवरची झाकणी खाली आली. आता राजाचे उत्तर हवे म्हणून मी माझ्या वहीतून राजाचे वाक्य वाचले. तुकारामने कागद खाली ठेवला.

"तुमी राजाचं कसं बोलताव? तुमी अप्पाच्या घरचे न्हाव."

"अहो, नुसते वाचतोय!"

"वाचलं तरी बोल्लंच की."

शेवटी मी भर बाजाराच्या दिवशी दुकानात जाऊन अप्पांना बोलावून आणले. ते गिऱ्हाइकाचे लुगडे अर्धे मोजलेले तसेच टाकून आले, दोन वाक्ये म्हणाले आणि परत गेले. असे दिवसातून पाच वेळा. मी डोके धरून बसलो. पण खरे सांगतो, तुकडे जुळू लागले तेव्हा अंगावर काटा आला. चाली अस्सल होत्या. कुठे कानडी वळण, कुठे कव्वालीची लकेर, आणि तरीही एकजीव.

इतक्यात दुसरी अडचण आली. खेळाला कचेरीची परवानगी लागते. तिथले पेशकार मोठे अदबशीर गृहस्थ. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि विचारले, "नाटकात राजा आहे म्हणता. शेवटी तो जिंकतो की हरतो? अर्जात लिहावे लागेल."

मी अप्पांकडे पाहिले, अप्पांनी माझ्याकडे. शेवट केतकीच्या नकलेत होता आणि केतकी अजून आमच्या हाती लागलीच नव्हती.

केतकीचे घर इमामसाहेब मणेरांचे. ते बांगड्यांचे व्यापारी. तरुणपणी केतकी उभी करत तेव्हा म्हणे गावातल्या बायका त्यांच्याकडून पदर सावरायला शिकल्या. आता सत्तरी गाठलेली, छातीपर्यंत पांढरी दाढी. अंगणात बाजेवर बसून बांगड्या निवडत होते. लेक झुबेदा आतल्या दाराशी होती. ती विधवा, बापाजवळच राहते आणि घरोघर जाऊन बांगड्या भरते.

"आमची नक्कल कागदावर नव्हतीच कदी," इमामसाहेब म्हणाले. "वालिदनं तोंडानं शिकवली. आन मला ल्योक न्हाय, अप्पा. म्या गेलो की ही पदं माज्यासंगट मातीत जातेत. रोज रातच्याला त्येच मनात येतं बगा." मला माझ्या वहीची लाज वाटली, पण वही मी मिटली नाही.

"शेवट तेवढा सांगा, साहेब," अप्पा म्हणाले.

"शेवट सांगत नसतेत. गात असतेत."

त्यांनी डोळे मिटून सुरुवात केली. सूर थकलेला होता पण जागेवर होता. तार षड्‌जापाशी मात्र धाप लागली आणि आवाज तुटला. तुटला, तसा आतल्या दारातून कोणीतरी तो उचलला. नेमका तिथूनच, नेमक्या त्याच लयीत. झुबेदाने पुढचे सगळे पद म्हटले. मोकळा, भरलेला, न घाबरलेला आवाज. वीस वर्षे शिकवण्या केल्या, असा सूर माझ्या दारात एकदाही आला नाही.

गोष्ट अशी संपत होती: राक्षसाने पळवलेल्या केतकीला सोडवायला राजा हत्ती-फौज घेऊन येतो, पण तिने राक्षसाला आधीच गाऊन झोपवलेले असते. ती राजाला म्हणते, उशीर केलात, आता हत्ती परत न्या, मी पायी येते.

मी ओरडलो, "हीच केतकी! दुसरी कोणी शोधायची गरज नाही."

अप्पा उठून उभे राहिले. "मास्तर, लेकीकडं नक्कल जात न्हाय. रीत हाय ती. ही मोडली की उद्या सगळी मोडतेत." चहा न घेताच ते चालू लागले. हिरव्या बांगड्यांचा तोडा इमामसाहेबांनी लाल तोड्यांत ठेवला आणि त्यांना ते कळलेही नाही.

दोन दिवस मी अप्पांशी भांडलो. माझा हट्ट लोभाचा होता, त्यांचा रितीचा. शेवटी तोड निघाली. इमामसाहेबांनी पुढे उभे राहायचे आणि झुबेदाने पडद्यामागून गायचे. "आवाज काय दिसतो व्हय?" अप्पांनी स्वतःचीच समजूत घातली. हे आम्हा चौघांतच ठेवायचे ठरले. दाढी काढायला इमामसाहेब तयार नव्हते, तेव्हा केतकीने पदर छातीवरून नाकापर्यंत ओढायचा असेही ठरले. पेशकारांनी शेवट ऐकला, "न जीत, न हार. बहोत खूब," म्हणाले आणि मोहर उठवली. अट एकच, उजेडात खेळ आटपायचा.

तर दुपारी तीनला, बाजारतळावर, बैलगाड्या जोडून केलेल्या मंचावर 'केतकीहरण' तीस वर्षांनी उभे राहिले. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. मी पेटीवर. सूत्रधाराची पगडी वाऱ्याने उडाली, विदूषकाने ती पकडून स्वतःच घातली, लोकांना तो नाटकाचाच भाग वाटला. तुकाराम कुंभाराने पहिली गर्जना केली तेव्हा माझ्या गाडीवानाच्या तोंडून "त्योच! त्योच राक्षस!" असे निघाले. राक्षस तर मुलगा होता मूळच्या राक्षसाचा, पण गर्जना वारशात आली होती.

केतकी आली. नाकापर्यंत पदर, डौलदार पावले. पडद्यामागून सूर निघाला आणि मागे उभे असलेलेही पुढे सरकले. मला वाटले, जिंकलो.

शेवटच्या पदाला इमामसाहेबांना खोकल्याची उबळ आली. मंचावरची केतकी दोन्ही हातांनी छाती धरून खोकत होती आणि केतकीचे गाणे मात्र तसेच, एक मात्रा न चुकता, वर वर चढत होते. पदर घसरला, दाढी बाहेर आली. पुरुषांच्या बाजूने कुजबुज उठली, कोणीतरी हसले, कोणी "कोन गातंय? कोन हाय माघं?" म्हणून ओरडले.

इमामसाहेबांनी खोकला आवरला. पडद्यापाशी गेले आणि तो हाताने बाजूला सारला. झुबेदा उभी होती. तिने गाणे थांबवले.

"माजी लेक हाय," ते म्हणाले. "ही नक्कल आता हिची. गावाला नको असंल तर आत्ताच सांगा. म्या मेल्यावर सांगू नगा."

राजा झालेले अप्पा मंचाच्या मध्यावर होते. मान राजाच्या घराचा, म्हणून उत्तर त्यांनी द्यायचे. "रीत..." एवढेच ते म्हणाले.

तेवढ्यात बायकांतून गौरम्मा उठल्या. "अवो, कसली रीत? बांगड्या भरताना हात दुकू न्हाय म्हनून झुबेदा हीच पदं गाती. आमाला समद्यांला येतेत. तुमी म्हनताव तीस वर्सं खेळ बंद हाय. बायकांत कवाच बंद न्हवता!"

आणि बाईने तिथेच पदाची पुढची ओळ धरली. तिच्यामागे दुसरीने, मग दहा जणींनी, मग सगळ्यांनी. सूर कोणाचा खाली, कोणाचा वर, पण शब्द एकही चुकला नाही. ज्या नकलेला रितीचे कुलूप होते ती गावातल्या प्रत्येक चुलीपाशी पोचलेली होती. अप्पा बायकोकडे बघत राहिले. मग राजाच्या खोट्या मिशा काढून हातात घेतल्या आणि तिन्ही भाषांत वापरतात त्याच मोठ्या आवाजात म्हणाले, "नक्कल झुबेदाची. मंजूर. गा बाई, सूर्य बुडायला आलाय." इमामसाहेब मंचाच्या कडेला बसले आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडलो, लपवत नाही.

निघायच्या दिवशी मी वही घेऊन मणेरांच्या अंगणात गेलो. पाच नकला उतरल्या होत्या, केतकीची पाने कोरी होती. "एवढे सांगून टाक, बाई. सोलापुरात मोठा खेळ करतो," मी म्हणालो.

झुबेदा हसली. "आमची लिवायची नसती, मास्तर. भाबीला घेऊन या पुढच्या खेळाला. बांगड्या भरताना तिला शिकवते. मग ती तुमाला गाऊन दाखवंल. गाती ना भाबी?"

मी वही मिटली. मोटार नळदुर्गच्या वाटेला लागली, जोंधळ्याची राने मागे पडू लागली, तरी तिचा प्रश्न मागे पडेना. चौदा वर्षे संसार झाला. माझ्या घरात कितीतरी मुले गाणे शिकून गेली, स्वयंपाकघर त्या खोलीला लागूनच आहे. बायको गाते की नाही, हे मी तिला कधी विचारले नव्हते.

घरी पोचलो ते संध्याकाळी. पेटी खाली ठेवली, हातपाय धुतले आणि सरळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसलो. ती भाकरी थापत होती. "एखादे पद म्हण ना," मी म्हणालो. तिने मागे वळूनही पाहिले नाही. "कुठले म्हणू?" ती म्हणाली, "भूप म्हणू का? तो मुलगा चुकायचा तो गंधार मला येतो."